इंग्रजीतलं मुंगूस

पत्नी गेल्यावर सूनबाईने बारावीची पुस्तकं बांधून ठेवली. इंग्रजीत ती एकदा नापास झाली होती आणि पुन्हा बसण्याचा आग्रह पत्नीचाच होता. फॉर्म भरायला दोनच दिवस उरले, तेव्हा मी तिला कारण विचारलं.

"मामा, शेतावरच्या निबंधात मुंगसाला इंग्रजीत काय म्हणतेत तेच सुचंना. मग इंग्रजी अक्षरांत 'मुंगूस'च लिहून आले. लई लाज वाटली."

पत्नीचा शब्दकोश मी तिच्यामागे उघडला नव्हता. त्या दिवशी उघडला. इंग्रजीतही तो प्राणी 'मंगूस'च निघाला, आणि शब्द मुळात मराठीतून आल्याचं तिथंच छापलेलं होतं.

तिने ते दोनदा वाचलं. "म्हंजे मुंगूस आपलंच नेलं, अन् नापास बी आपल्यालाच करतेत व्हय!"

कित्येक आठवड्यांनी घरात कुणी मोठ्याने हसलं. मग आम्ही पानं उलटत बसलो. इंग्रजीतला 'टी' चिनी निघाला, 'लेमन' अरबांकडचं, 'पजामा' फारसी.

"मागून आणून आणूनच एवढी मोठी झाली का ही इंग्रजी? मग हिला काय भ्यायचं?" असं म्हणत तिने कॉलेजात फोन लावला. "सर, फॉर्म भरायला उद्या मांजरसुंब्याहून पहिल्या गाडीनं येते."