चष्मेवाल्यांनी हेल्मर का विकली

चष्मेवाल्यांच्या दुकानात भिंतभर काचेची कपाटं आहेत, कपाटांत ओळीनं फ्रेमा आहेत, आणि खुद्द चष्मेवाल्यांच्या नाकावर जो चष्मा आहे त्याची एक काडी तांब्याच्या तारेनं बांधलेली आहे. वहिनींनी टोकून टोकून नाद सोडला. चष्मेवाल्यांचं एकच उत्तर ठरलेलं, "चालतोय ना? मग बदलायचा कशाला?" छत्री तीच, वस्तरा तोच, केसांचा भांगही कॉलेजात पाडला होता तिथेच. असा माणूस एके दिवशी आपली जुनी मोटरसायकल विकून दुसऱ्याच कंपनीची घेऊन येतो, तेव्हा शेजाऱ्यांनी कान टवकारले तर बिचाऱ्या शेजाऱ्यांचं काय चुकलं?

विचारील त्याला ते सांगत, "मायलेज." मायलेज कसलं डोंबलाचं! कारण होतं सवतीमत्सर. आता तो वहिनींवरून असता तर गल्लीनं समजून घेतला असता. हा होता फ्यूजवरून.

फ्यूज म्हणजे वरच्या मजल्यावरचा इलेक्ट्रिशियन. शाळेत दोघं एका बाकावर, आणि पुढे दोघांनी गाडीही एकच घेतली: हेल्मर. लांबच्या प्रवासाची गाडी, अंगानं रेड्यासारखी. ती गल्लीत शिरली की दुकानातल्या फ्रेमा कपाटात थरथरू लागत आणि चष्मेवाले न बघता म्हणत, "आला फ्यूज." दिसायला ऐटबाज, पण स्वभावानं नवीन सुनेपेक्षा नाजूक. चढ लागला की तापायची, उन्हात तापायची, कोणी कौतुक केलं तरी तापायची. हेल्मरवाले एकमेकांना भेटले की आधी एकमेकांच्या गाडीखाली बघतात, तेल किती गळतंय ते. तोंडाकडे नंतर.

दर रविवारी दोघं समुद्र बघायला निघत. समुद्र क्वचितच दिसे. मध्येच कुणाची तरी गाडी बसकण मारायची. मग दुसरा वळून यायचा, पाने निघायचे, हात काळे व्हायचे, आणि इंजिन थंड होईपर्यंत दोघं रस्त्याच्या कडेला बसून बोलायचे. चष्मेवाल्यांची आई गेली तेव्हा घरी त्यांच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही, ते आलं एका उघड्या कार्बोरेटरशेजारी. फ्यूजची बायको त्याला सोडून गेली, ते चष्मेवाल्यांना कळलं टायर बदलताना. घरी आल्यावर वहिनी विचारत, "झाला का समुद्र?" आणि चष्मेवाले हात धूत खुशीत म्हणत, "छे! गाडी बंद पडली."

आणि एका सकाळी फ्यूज गल्लीत आला, पण फ्रेमा थरथरल्याच नाहीत.

चष्मेवाल्यांनी मान वर केली तर हा दारात उभा. मागे एक निळी, गुळगुळीत, लांबट मोटरसायकल. सोराना. चालू होती म्हणे. आवाजच नाही.

"कुणाची?"

"माझी. कशी आहे?"

चष्मेवाले वाकले, गाडीखाली बघितलं. जमीन कोरडी ठक्क. "आजारी आहे का?" ते म्हणाले. "बोलत नाही काही."

फ्यूज हसला. "बंद पडत नाही रे ही. कधीच नाही."

एखाद्याला यात आनंदाची बातमी ऐकू आली असती. चष्मेवाल्यांनी काच पुसायचं फडकं उचललं आणि आधीच पुसलेली काच पुसायला घेतली.

पुढच्या रविवारपासून फ्यूज सोरानावाल्यांच्या घोळक्यातून जाऊ लागला. तसं त्यानं बोलावलं होतं, नाही असं नाही. "तूही चल की." "हेल्मर घेऊन? त्या कडक इस्त्रीच्या कपड्यांतल्या मंडळींत? चपला बाहेर काढून ठेवायला सांगतील मला." आणि मग हेच चष्मेवाले रविवारी दुकान बंद असताना आत जाऊन बसायचे, रस्त्याकडची काच चमकवत. घोळका जाताना दिसायचा. सगळ्यात पुढे त्यांचा म्होरक्या, एक दंतवैद्य. त्याच्या मागे कोण, ते सांगायला नको.

"जेवायला या," वहिनी हाक मारत. "तो काही आज तुमच्याकडे बघणार नाही."

"मी कुणाकडे बघतोय? डाग आहे काचेवर."

दोनतीन रविवार ते एकटेच हेल्मर घेऊन निघाले. आणि त्या मेलीला नेमकी त्याच दिवसांत शहाणपणाची दुर्बुद्धी सुचली. एकदाही बंद पडली नाही. चष्मेवाले समुद्रापर्यंत पोचले, पाण्याकडे बघितलं, काय बोलावं सुचेना, परत आले.

दंतवैद्य वाईट माणूस असता तर सगळं सोपं होतं. पण तो मेला चांगला निघाला. एका दुपारी दुकानात आला, दात असे शुभ्र की दिवा लावायची गरज नाही. नजर तपासून हवी होती. चष्मेवाल्यांनी त्याला खुर्चीत बसवलं आणि भिंगामागून भिंग बदलत राहिले.

"हे बरं दिसतं की हे?"

"दोन्ही सारखंच वाटतंय हो."

"असं कसं? नीट सांगा. हे, की हे?"

शेवटी फ्रेम निवडायची वेळ आली. चष्मेवाल्यांनी अगदी तळाच्या खणात हात घातला. तिथे एक फ्रेम होती, जाड, पिवळट, कासवासारखी, जी आजवर कुणी मागितली नव्हती की दाखवायची हिंमत झाली नव्हती. दंतवैद्यानं ती लावली. आणि काय सांगावं, शोभली त्याला. एखादा मोठा शास्त्रज्ञ बसलाय असं वाटू लागलं.

"वा! नजर आहे तुमची," तो मनापासून म्हणाला. "फ्यूज सांगतो ते खरंच आहे. फार बोलतो हं तुमच्याबद्दल."

"काय बोलतो?" चष्मेवाल्यांनी आवाज शक्य तितका सरळ ठेवला.

"अहो, त्या हेल्मरच्या गमती! तुम्ही चेन बांधायला बुटाची नाडी वापरलीत, आणि तसेच एका पायानं अनवाणी परत आलात. आम्ही हसून हसून..."

बुटाची नाडी! ती त्या दोघांची होती. ती वहिनींनासुद्धा सांगितलेली नव्हती. ती सगळ्या घोळक्यापुढे पसरलेली ऐकून चष्मेवाले जे तापले, तेवढी हेल्मरही कधी तापली नसेल.

आठवडा उलटायच्या आत हेल्मर विकली गेली. एका खाटकानं नेली. आणि दारात करड्या रंगाची सोराना उभी राहिली.

"मायलेज चांगलं आहे," चष्मेवाले म्हणाले.

वहिनी गाडीभोवती एक फेरी मारून आल्या. "हो ना. चष्म्याची काडी बदलायला तयार नाहीत, आणि मित्रासाठी अख्खी गाडी बदलली. लग्न ठरताना माझ्यासाठी शर्टसुद्धा बदलला नव्हता यांनी."

रविवारी चष्मेवाले घोळक्यात दाखल झाले. फ्यूजच्या तोंडाचा आ वासला तो मिटेना. "तू? सोराना? अरे लेका, सांगायचंस तरी!" एवढंच बोलणं झालं, कारण सोरानावाल्यांत शिस्त फार. नवा माणूस सगळ्यात शेवटी. फ्यूज दुसरा, दंतवैद्य पहिला. हात वर झाला, निघाले.

आणि निघाले ते निघालेच. थांबायचं नावच नाही. टाक्या मोठ्या, इंजिनं थंड, चढ आले काय नि गेले काय. चष्मेवाल्यांना फ्यूजची पाठ दिसत होती, लांबवर, टिकलीएवढी. दुकानाच्या काचेतूनही एवढीच दिसायची. गाडी बदलून बदलून माणसानं मिळवलं काय, तर तीच पाठ, जरा लांबून.

त्यांना वाटलं, एकदा हॉर्न वाजवावा. मागे तरी वळेल. हेल्मरचा हॉर्न उजव्या अंगठ्याशी असायचा. इतक्या वर्षांच्या सवयीनं अंगठा आपसूक गेला आणि चष्मेवाल्यांनी चांगला दाबून हॉर्न दिला.

हॉर्न वाजला नाही. इंजिन मात्र बंद झालं. सोरानात त्या जागी हॉर्न नव्हता, इंजिन बंद करायचं लाल बटण होतं.

गाडी घरंगळत कडेला येऊन थांबली. चष्मेवाल्यांनी बटणाकडे बघितलं. चूक कळली. अंगठा पुन्हा तिथे गेलाही. मग त्यांनी समोर बघितलं. टिकली मोठी होत होती. फ्यूज वळला होता.

अंगठा चष्मेवाल्यांनी काढून घेतला.

फ्यूज येऊन थांबला, शिरस्त्राण काढलं. "काय झालं?"

"बंद पडली."

"सोराना?"

"तूच सांग. बंद पडत नाही म्हणायचास ना?"

फ्यूज वाकला. ज्या माणसाचा जन्म बटणं चालू-बंद करण्यात गेला, त्याची नजर लाल बटणावर पोचायला कितीसा वेळ लागणार? तिथे ती क्षणभर थांबली. मग त्यानं चष्मेवाल्यांच्या तोंडाकडे बघितलं. चष्मेवाले दूरच्या झाडाकडे बघत होते, फार लक्ष देऊन.

फ्यूजनं हातमोजे काढले. "मोठं काम दिसतंय."

"हो का?"

"वेळ लागेल."

तेवढ्यात दंतवैद्यही परत आला, पिवळ्या फ्रेमेतून काळजीनं बघत. "मी थांबतो ना. माझ्याकडे कंपनीच्या माणसाचा नंबर आहे."

"नको डॉक्टर," फ्यूज म्हणाला. "तुम्ही व्हा पुढे सगळ्यांना घेऊन. हे जुनं प्रकरण आहे, माझं मलाच बघावं लागेल."

दंतवैद्य गेला. चष्मेवाल्यांनी तो दिसेनासा होईपर्यंत बघून घेतलं. इतक्या प्रेमानं त्यांनी त्याची पाठ आजवर बघितली नव्हती. मग दोघं गवतावर बसले.

"नाडीची गोष्ट सांगितलीस त्यांना," चष्मेवाले म्हणाले.

"मग काय सांगू? दुसऱ्या गोष्टी आहेत कुठे माझ्याकडे?"

चष्मेवाल्यांनी गवताची काडी तोडली.

"गाडी बदललीस, मला विचारलं नाहीस."

"तू नको म्हणाला असतास."

"म्हणालोच असतो."

"आणि मी ऐकलं असतं." फ्यूजनं डावा हात खांद्यापर्यंत उचलून दाखवला. पुढे जाईना. "छतातल्या वायरी ओढून ओढून गेलाय हा. हेल्मरचा क्लच दाबला की डोळ्यांपुढे काजवे चमकायचे."

"मग बोलायचंस ना, गाढवा!"

"कुठे बोलणार? शेवटचे दोन रविवार नेमकी तुझीही बंद पडली नाही, माझीही नाही. तुझ्या दुकानात काय, सतत कुणीतरी तक्त्यावरची खालची ओळ वाचत असतं."

चष्मेवाले सरकून त्याच्या डाव्या बाजूला बसले आणि खांदा दाबून बघू लागले, इथे दुखतं की इथे, इथे की इथे. फ्यूज ओरडला तेव्हा कुठे त्यांचं समाधान झालं. मग फ्यूजनं पिशवीतून एक चकचकीत थर्मास काढला नि झाकणात कॉफी ओतली.

"नवीन दिसतोय," चष्मेवाले म्हणाले.

"डॉक्टरांनी दिला. कॉफीही त्यांचीच."

"मला नको."

"बरं."

फ्यूज एकटाच पीत राहिला. वाफ चष्मेवाल्यांच्या बाजूला येत होती.

"अर्धाच दे," ते शेवटी म्हणाले. झाकण हातात घेतलं, हुंगलं, एक घोट घेतला नि तोंड वाकडं केलं. "साखर घालत नाही वाटतं तुझा डॉक्टर."