बिनदुधाचा चहा

माझ्या लिव्हरवर चरबी चढलीय. ग्रीन टीतले गुण ती उतरवायला थोडीफार मदत करतात म्हणे, म्हणून डॉक्टरांनी दुधाचा चहा बंद करून तो प्यायला लावला. तो कडू कप तोंडाला लावला की चिकलठाण्याच्या कंपनीच्या गेटवरच्या चहाच्या टपरीवर भेटणारा एक फिटर आठवतो. दोन्ही तळव्यांत ग्लास धरून तो रोज कोरा चहा प्यायचा. एकदा मी कारण विचारलं.

"विद्यापीठाच्या नामांतराच्या मोर्चात गेलो, म्हणून गावानं माझ्या मायला दूध विकायचं बंद केलं. तिला मिळंना, मग मी इथं कसं पिऊ? नामांतर झालं की मायलेकं दोघं पिऊ."

पुढं तो काम सोडून गेला. नामांतर झालं त्या दिवशी मी तिथंच दुधाचे दोन चहा सांगून वाट पाहिली. त्याच्या ग्लासावर साय धरली. माय दुधाचा चहा प्यायली का, एवढं तरी कळायला हवं होतं.