पुलाच्या मधोमध

दुसरं वळण मागे पडलं आणि एव्हिसबाईंचा डावा बूट चिखलात रुतला. पाय वर आला, तो नुसत्या मोज्यासकट. मी त्यांचा दंड धरला.

"परत फिरू या का?"

"आणि ती फळी कोरिनला मिळू देऊ? बूट उपस माझा."

मी दोन्ही हातांनी बूट ओढून काढला, गवताला पुसला आणि त्यांच्या पायात चढवला. एप्रिलमध्ये आमच्याकडचे कच्चे रस्ते असेच होतात. वरचं बर्फ वितळतं, खालची जमीन गोठलेलीच असते आणि मधल्या चिखलात गाड्या रुततात. म्हणून तर चालत निघालो होतो. नदीपलीकडे मात्र डांबरी रस्ता आहे आणि कोरिन पलीकडे राहते. "तिला काय, मुलगी दारात गाडी आणते," एव्हिसबाई धापा टाकत म्हणाल्या. "सुखं सगळी त्या काठाला."

एव्हिस स्टॉडर्ड माझ्या शेजारीणबाई. ऐंशी कधीच ओलांडली. सगळा जन्म गाईंच्या धारा काढण्यात आणि चर्चच्या जेवणावळीसाठी भांडंभर वाल शिजवण्यात गेला. मी लग्न होऊन व्हर्माँटमधल्या या खेड्यात आले, तेव्हा पहिल्या हिवाळ्यात चूल पेटवायला मला त्यांनीच शिकवलं. बाई तशा मोकळ्या मनाच्या. फक्त नदीवरच्या त्या जुन्या, लाकडी भिंतींच्या आणि छपराच्या पुलाचा विषय निघाला की ओठ घट्ट मिटायच्या.

त्यांचे दिवंगत यजमान हार्लन सुतार होते आणि पुलाची निगा त्यांच्याकडे होती. छप्पर गळलं, फळी कुजली, की हार्लन शिडी घेऊन निघालेच. "ताप आलेला असला तरी जायचा," एव्हिसबाई सांगत. "पूल कसला, सवत मेली! माझ्या स्वयंपाकघराचं दार वर्षभर तिरकं लोंबत होतं."

पण खरा सल वेगळाच होता. पुलात मधोमध, गाडीत बसल्या माणसाच्या डोळ्यांसमोर येईल अशी एक फळी होती. तिच्यावर बदाम कोरलेला, आणि बदामात दोन अक्षरं. हार्लनचं आणि कोरिनचं. लग्नाआधीची गोष्ट. हार्लननी त्या पुलाची एकूणएक फळी कधी ना कधी बदलली, ही मात्र कधीच नाही.

"विचारलं की म्हणायचा, चांगली आहे अजून. चांगली! बोट लावलं तर आत जात होतं."

मार्चच्या गावसभेत पुलाची मोठी दुरुस्ती ठरली. जुन्या फळ्या उतरवणार, ज्याला हव्या त्याने न्याव्यात. एव्हिसबाईंना ती फळी हवी होती. शेगडीत घालायला.

शेवटचा उतार उतरलो आणि पूल दिसला. एका बाजूच्या फळ्या उतरवलेल्या, आतली लाकडाची जाळी उघडी पडलेली. तरी दुसरी बाजू शाबूत होती. आत शिरल्याबरोबर नेहमीसारखा गारवा अंगाला लागला आणि आवाज आपोआप खाली आला. मला तिथे दर वेळी गावच्या देवळाचा सभामंडप आठवतो. जुन्या लाकडाचा, कडब्याचा वास, आढ्याला पाकोळ्यांची घरटी, फटींतून येणारे उन्हाचे पट्टे आणि खाली पाण्याचा घोष. नव्या सिमेंटच्या पुलावरून माणूस नुसता पलीकडे जातो. इथे तो थोडा वेळ आत असतो. मी मनातल्या मनात हात जोडले.

पलीकडच्या तोंडाशी घडीच्या खुर्चीवर लाल टोपी घालून कोरिनबाई बसल्या होत्या. मांडीवर फळी.

"आलीस का एव्हिस? बूट बघ गं तुझे! डुक्कर पाळलंयस का?"

"डांबरावरून येणाऱ्यांनी बोलू नये. दे ती इकडे."

"का म्हणून? माझं अक्षर आहे तिच्यावर."

"नवरा माझा आहे तिच्यावर!"

कामावरची माणसं हातोडे थांबवून ऐकायला लागली. मी एव्हिसबाईंना एका ओंडक्यावर बसवलं.

"तुझ्या लग्नाला त्यानं सगळा पूल बर्फानं भरला होता," एव्हिसबाई एकदम म्हणाल्या. आवाज फाटला होता. "या टोकापासून त्या टोकापर्यंत. मी पाहिलंय."

आमच्याकडे पूर्वी हिवाळ्यात हे करावंच लागे. पुलावर छप्पर, त्यामुळे आत बर्फ पडत नाही, आणि बर्फावरून घसरत जाणाऱ्या गाड्यांच्या लोखंडी पट्ट्या कोरड्या फळ्यांवर अडतात. म्हणून बाहेरचं बर्फ फावड्याने आत आणून पसरायचं. ते काम हार्लनकडेच असे.

"आणि माझ्या लग्नाला?" एव्हिसबाई म्हणाल्या. "मधोमध बर्फ नाही. करकरकर आवाज करत गाडी अडली, घोडा हलेना. बाहेर सगळं वऱ्हाड हसतंय, आणि मी अंधारात त्याच्याशेजारी, त्या फळीसमोर बसलेय. तुझ्यासाठी हात दुखेपर्यंत फावडं मारलं आणि माझ्या वेळी त्याला बर्फ पुरलं नाही!"

कोरिनबाई हसल्या नाहीत. नखाने बदाम खरवडत राहिल्या.

"पुरलं नाही म्हणे," त्या अखेर म्हणाल्या. "अगं, तेव्हा माझा नवरा रोलँड होता ना त्याच्या मदतीला. सगळा पूल भरून झाला होता. मग हार्लन परत आत गेला आणि मधलं बर्फ स्वतःच्या हातांनी काढून नदीत टाकलं. रोलँड म्हणाला, वेडा झालास का, गाडी अडेल. तर म्हणाला, अडू दे."

एव्हिसबाई मान वळवून पुलाच्या मधोमध बघायला लागल्या.

"माझी गाडी कशी गेली माहितीये? सुळ्ळकन. रोलँडला गाईंच्या धारेची घाई. आत काळोख होता की उजेड, तेही मला आठवत नाही. आणि तुमची गाडी बाहेरच येईना. आम्ही थंडीत उभ्या. सगळ्या हसत होत्या. मी नव्हते हसत." त्यांनी टोपी खाली ओढली. "किती वेळ होतात गं तुम्ही आत?"

"बराच," एव्हिसबाई म्हणाल्या. मग जरा थांबून, मुद्दाम, "बराच वेळ."

मला वाटलं, आता दोघी एकमेकींचा हात धरतील. तसलं काही झालं नाही. कोरिनबाईंनी फळी छातीशी धरली, एव्हिसबाई काठी टेकत उठल्या आणि म्हणाल्या, "ठेव ती. कुजकीच आहे." कोरिनबाईंच्या मुलीची गाडी आली, ती आम्हाला येता का न विचारताच निघून गेली.

परत येताना एव्हिसबाई पुलाच्या मधोमध थांबल्या. फळी निघालेल्या जागेतून खालचं पाणी दिसत होतं.

"पण मग ती फळी ठेवली कशाला त्यानं?" त्या म्हणाल्या. "हे तर कोणी सांगितलंच नाही."

"देवाला ठाऊक," मी म्हणाले.

"तुझ्या देवाला विचारून ठेव." त्यांनी माझ्या खांद्यावर भार टाकला. "आणि ऐक, कुमुद. मला न्यायची वेळ येईल ना, तेव्हा डांबरी रस्त्यानं नेऊ देऊ नकोस. या पुलावरून न्यायला सांग. आणि इथे, बरोबर इथे, गाडी थांबवायला लाव. बाहेरची मंडळी थांबतील थंडीत. थांबू देत."

"सांगेन," मी म्हणाले.

"आणि कोरिनला आधी कळू देऊ नकोस. तिलाही तसंच हवंसं वाटेल."