अडीच अंगुळांचा पाईप

रामनगरला लल्लन मिस्त्रीच्या गॅरेजात तुम्ही बोल्ट आणायला गेलात, तर बोल्ट मिळेलच असं नाही. किस्सा मात्र हमखास मिळतो! बँकेच्या बदलीनं मी बनारसला आलो त्याला अकरा वर्षं झाली. एवढ्या काळात माझ्याकडे जे किस्से साठले, त्यातले निम्मे एकाच गाडीच्या पोटाखालचे आहेत.

गाडी अण्णांची. अण्णा म्हणजे माझे घरमालक. मंगला गौरीच्या देवळाजवळ राहतात, वेद शिकवतात, यज्ञाची कुंडं आखून देतात. वय ऐंशी. त्यांच्या गल्लीत समोरून म्हैस आली तर माणसानं दारात शिरायचं असतं, तिथे ॲम्बॅसडर कुठून येणार? म्हणून गेली बावीस वर्षं गाडी गंगेपलीकडे, लल्लनच्या शेडमध्ये राहते. अण्णा गाडीत बसायला नावेनं जातात!

"लोकांची सवत निदान शेजारी तरी असते," माई म्हणतात. माई म्हणजे अण्णांची बायको.

यंदा अण्णांची नजर अधू झाली आणि चालवणं सुटलं. बंगळुरूच्या मुकुंदानं, म्हणजे त्यांच्या मुलानं, फोनवर तोडगा काढला. एका हॉटेलवाल्याला जुनी गाडी लॉबीत ठेवायला हवी होती. इंजिन काढायचं, बॉनेटमध्ये फुलझाडं लावायची. अण्णा "बघू" म्हणाले आणि त्या दिवशी जेवले नाहीत.

* * *

या गाडीचं मूळ दुखणं असं. जन्मली तेव्हा इंजिन होतं पंधराशे सीसीचं. ते बंद पडल्यावर लल्लननं कुठल्याशा मोडक्या गाडीतलं अठराशेचं घातलं. अण्णांनी अट घातली, "बाकी काही बदलायचं नाही. जे आहे ते शाबूत आहे." त्यामुळे इंजिन मोठं आणि धूर बाहेर टाकणारा पाईप जुनाच, बारीक. राजघाटच्या पुलाचा चढ आला की गाडीला धाप लागायची.

मी विचारलं, "लल्लनभाई, ये हाँफती क्यों है?"

"साहब, देह पहलवान क, अउर नाक लइका क!" म्हणजे देह पैलवानाचा आणि नाक पोराचं.

* * *

कधी कधी ती धापेऐवजी बार काढायची. एकदा लंका नावाच्या मोहल्ल्याजवळ आमच्या पुढे वरात चालली होती. आम्ही मागे अडकलो आणि सायलेन्सरमधून धडाधड चार बार निघाले. वरातीतला एक काका धावत खिडकीशी आला. आता शिव्या खायच्या म्हणून मी काच वर करायला लागलो.

तो हात जोडून म्हणाला, "भइया, आप लोग आगे आ जाइए, हमारे पटाखे सील गए हैं!"

त्यांचे फटाके सादळले होते. अण्णा गेले की हो पुढे! नवरीच्या दाराशी पोचेपर्यंत बार काढत गेले आणि नवरदेवाला आशीर्वाद देऊन आले.

* * *

शेवटी जाड पाईप बसवायचं ठरलं. लल्लननं फोनवर माप विचारलं, कारण त्याच्या टेपचे पहिले दोन इंच केव्हाच तुटलेले आणि उरलेल्या टेपवर अण्णांचा विश्वास नाही. आदल्याच दिवशी अण्णा इंजिनाच्या तोंडाशी बोट लावून आले होते. त्यांनी सांगितलं, "ढाई अंगुल."

लल्लननं आपली बोटं लावून पाईप आणला. अण्णांचं बोट म्हणजे समईची वात आणि लल्लनचं म्हणजे केळं! पाईप असा निघाला की त्यात इंजिनाचं तोंड हात हलवत आत गेलं असतं.

लल्लन कान धरून उभा राहिला. पण अण्णांनी दोष स्वतःकडे घेतला. "तुझं चुकलं नाही रे. मीच सांगायला विसरलो. कुंड आखताना अंगुळ कुणाचं धरतात? आखणाऱ्याचं नाही, बांधणाऱ्याचंही नाही. ज्याचा यज्ञ त्या यजमानाचं, तुमच्या बोलीत जजमानाचं! त्याच्या मधल्या बोटाचं मधलं पेर. गाडी ज्याची, बोट त्याचं."

तेव्हापासून रिवाजच पडला. गाडीचं काहीही कापायचं असलं की अण्णा आपल्या पेराएवढी दर्भाची काडी तोडून माझ्याबरोबर पाठवायचे. पहिली काडी मी नीट रुमालात बांधून नेली आणि गॅरेजच्या बाकावर ठेवली. लल्लनच्या बकरीनं ती खाल्ली.

* * *

दुसऱ्या काडीनं पाईप मिळाला, पण पुढचा अठराशेचा आणि मागचा पंधराशेचा यांचं काही जुळेना. मधे एक कडं हवं होतं. ते लल्लनला सापडलं आणि गाडी महिनाभर गुपचूप चालली.

इकडे माई स्वयंपाकघरात डबे उपसत होत्या. "माझं एक फुलपात्र गायब आहे. बर्तनवाली शपथ घेत्ये, मग गेलं कुठे?"

अण्णा वर्तमानपत्रातून डोकं काढेनात.

पुढे एकदा माई हौसेनं रामनगरला आल्या. गाडी जॅकवर चढवलेली होती. माई वाकून बघायला लागल्या आणि वाकलेल्याच राहिल्या. बूड कापलेलं एक स्टीलचं कडं दोन पाईपांच्या मधे गच्च बसलं होतं. त्यावर कोरलेलं अक्षर न् अक्षर लागत होतं: चि. मुकुंदाच्या मुंजीनिमित्त सप्रेम भेट.

"मुकुंदाची मुंज सायलेन्सरला लावलीत?"

"नाप बिलकुल ठीक बैठल, माताजी," लल्लन गाडीखालून म्हणाला. बराच वेळ तो बाहेर आला नाही.

* * *

गेल्या आठवड्यात हॉटेलवाला गाडी बघायला आला. चांगला माणूस, सोबत मिठाई आणलेली. त्यानं गाडीभोवती एक चक्कर मारली, फोटो काढले आणि म्हणाला, "गुरुजी, चालू करने की ज़रूरत नहीं. हमें तो बस खड़ी रखनी है."

लल्लन तिथे पाना पुसत होता. तो पुसलेला पाना त्यानं आणखी एकदा पुसला आणि मागच्या बाजूला निघून गेला.

अण्णांनी उत्तर चार दिवसांनी देतो म्हणून सांगितलं. येताना नावेत ते रामनगरच्या काठाकडे तोंड करून बसले. मला फार वाईट वाटलं.

* * *

चौथ्या दिवशी सकाळी लल्लनचा फोन आला. मुगलसरायला भंगारात अठराशेचा अख्खा पाईप मिळाला होता, इंजिनापासून शेपटीपर्यंत. आता माईंच्या फुलपात्राची सुटका होणार होती. फक्त मागून थोडा कापायचा होता.

मी काडी मागायला गेलो तर अण्णा धोतर बदलून तयार. "मीच येतो," म्हणाले. नावेत माझा खांदा धरून चढले, मुठीत अख्खा दर्भ होता.

शेडमध्ये लल्लननं पाईप बाकावर आडवा ठेवला होता. खडूची खूण केलेली होती, पण काडीशिवाय करवत चालवायची त्याची टाप नव्हती.

"गुरुजी, नाप दीं."

अण्णा बाकावर बसले. चष्मा पुसला. मग लल्लनचा ग्रीसनं माखलेला हात धरून आपल्या मांडीवर, पांढऱ्या धोतरावर ठेवला, आणि त्याच्या मधल्या बोटाच्या मधल्या पेराला दर्भ लावला.

लल्लननं हात मागे ओढला. "अरे गुरुजी! ई त हमार अंगुरी हौ! गाड़ी त आपक हौ न!"

अण्णांनी हात पुन्हा ओढून घेतला, डोळे बारीक करून पेर शोधलं आणि म्हणाले, "हाथ मत हिलाओ, जजमान!"