पथ्याचा कागद

मंगळवार होता, आमच्या ओपीडीत मधुमेहाचा दिवस... आणि मी सकाळी दहालाच भडकले होते.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. कोल्हापुरातल्या एका दवाखान्यात मी स्टाफ नर्स होते. बोटाला टोचून साखर सांगणारं यंत्र तेव्हा आमच्याकडे कुठलं? परीक्षानळीत निळं औषध, त्यात पेशंटच्या लघवीचे थेंब, खाली स्पिरिटचा दिवा. रंग निळा राहिला तर उत्तम, विटकरी झाला तर बोंब.

हसीनाभाभींची नळी सलग चौथ्या महिन्यात विटकरी झाली होती.

भाभी उचगावच्या. नवरा वारलेला, घरात दोन मुली, आणि पायाने चालवायच्या शिलाई मशीनवर सगळा संसार. त्या मशीनच्याच लोखंडी पट्टीने पायाच्या अंगठ्याशेजारचं बोट कापलं होतं. पायाला बधिरपणा, त्यामुळे त्यांना ते दोन दिवस कळलंसुद्धा नाही. आता बोट काळं पडत चाललं होतं.

मोठ्या डॉक्टरांनी केसपेपरवर लिहिलं, 'पथ्य पाळत नाही.' मग माझ्याकडे वळून, भाभींना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले की या लोकांना सांगून काही उपयोग नसतो. बोट काढावं लागेल, आणि साखर अशीच राहिली तर पायही जाईल.

आणि मी? मी मान हलवली. खोटं कशाला सांगू... मलाही तेच वाटत होतं. चार महिने घसा फोडून सांगतेय आणि ही बाई घरी जाऊन गोडधोड हाणतेय, असा माझा ठाम समज होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी ड्यूटी संपल्यावर मी सरळ उचगावची बस धरली. मदत करायला वगैरे नाही हं... चोरी पकडायला.

भाभी मशीनवर होत्या. पायाला मीच बांधलेलं बँडेज, आणि त्याच पायाने मशीन चालू. मला बघून गडबडून उठल्या, मुलीला चहा ठेवायला सांगितला, माझ्यासाठी साखर घालून आणि स्वतःसाठी बिनसाखरेचा. मी खोचकपणे विचारलं, रोज असाच पिता का?

त्यांनी भिंतीकडे बोट दाखवलं. दवाखान्यातला पथ्याचा कागद खळीने चिकटवलेला होता, कडा तेलकट झालेल्या.

"बाई, ह्यातलं एक बी तोंडात घातलं न्हाय मी. होळीला शेजारच्या काकूंनी पोळी दिली, ती बी माघारी धाडली. त्या अजून बोलत न्हाईत माझ्यासंगं."

आणि त्यांनी कागद धडाधड म्हणून दाखवला. साखर, गूळ, पुरणपोळी, श्रीखंड, बासुंदी, मोदक, साखरभात... सगळं बंद. खावे या रकान्यात वरण, पालेभाजी, ताक, मुगाची उसळ.

मग सकाळपासून काय खाल्लं, ते मी एकेक करून विचारलं. चार महिन्यांत पहिल्यांदा!

खावेमध्ये मटण नव्हतं, अंडं नव्हतं, मासे नव्हते. म्हणजे तेही बंद, असं समजून भाभींनी सगळं सोडलं होतं. नुसत्या वरण-ताकावर दिवसभर मशीन चालवायचं. मग गळून गेल्यासारखं व्हायला लागलं, म्हणून सासूबाईंनी ताकदीचा उपाय सांगितला... तीन वेळा दुधात कुस्करलेले खजूर आणि वर दोन चमचे मध.

मी म्हटलं, भाभी, अहो त्यात साखरच असते!

"ते औषध हाय की बाई. आणि कागदावर कुठं लिवलंय?"

कुठेच लिहिलं नव्हतं. मी तो कागद पुन्हा वाचला. अक्षर माझं होतं.

हो, माझं. वर्षभरापूर्वी सिस्टर इनचार्जनी यादी करायला सांगितली होती आणि मी अर्ध्या तासात स्टेन्सिलवर खरडून दिली होती. माझ्या आईच्या स्वयंपाकघरात जे होतं ते लिहिलं. आमच्याकडे मटण शिजत नव्हतं, म्हणून कागदावरही शिजलं नाही. कोल्हापुरात बसून मटणाचं नाव नसलेला कागद! बाकीचे पेशंट तो खिशात कोंबून घरी काय हवं ते जेवत होते. या बाईने तो शब्द न शब्द पाळला, आणि 'पथ्य पाळत नाही' हा शेरा तिलाच.

संताप संताप झाला. डॉक्टरांचा आला, त्याहून जास्त माझा.

तिथेच बसून नवा कागद केला. भाभी सांगत गेल्या, मी लिहीत गेले. मटण किती, भात किती, रमजानच्या रोज्यांत इन्सुलिनच्या इंजेक्शनचं काय करायचं ते आधी येऊन विचारायचं, खजूर-मध बंद.

मंगळवारी मी तो डॉक्टरांपुढे ठेवला. ते हसले. म्हणाले, आता यांच्यासाठी वेगळा कागद काढायचा का?

"पहिलाही वेगळाच होता सर. तो फक्त माझ्या घरच्यांसाठी होता."

डॉक्टरांनी कागद पुढे ओढला. मग त्यांनी सही केली. मोठेपणा नव्हता त्यात, मागे रांग लागली होती म्हणून केली.

पुढच्या महिन्यात नळी हिरवी झाली, म्हणजे साखर बरीच उतरली. बोट मात्र तोवर काढावं लागलं होतं. पाय वाचला, मशीन चालू राहिलं, दोन्ही मुलींची लग्नं झाली. भाभी उचगावातल्या बायकांना घेऊन यायच्या आणि सगळ्यांना सांगायच्या, या सिस्टरनी माझा पाय वाचवला.

मी पुढची नळी दिव्यावर धरायचे. तो पहिला कागद कोणी लिहिला होता हे त्यांनी कधी विचारलं नाही... आणि मला त्यांच्या तोंडावर सांगायचा धीर कधी झाला नाही. भाभी आता नाहीत. निदान इथे तरी लिहून टाकते.