हसरा चेहरा, वाहतं पाणी

आबांच्या हृदयात स्टेंट बसवून दवाखान्याने त्यांना घरी सोडलं, तेव्हा औषधांच्या पिशवीसोबत एक ॲपही दिलं. "अशा आजारानंतर पेशंटचं मन खचतं. हे ॲप मनाची काळजी घेईल," असं तिथल्या गोड आवाजाच्या बाईंनी सांगितलं. सांगताना त्या आबांकडे बघतच नव्हत्या, माझ्या धाकट्या भावाकडे बघत होत्या. भाऊ पुण्याला कंपनीत. वडिलांच्या मनाची काळजी मोबाइलवर उरकते म्हटल्यावर त्याच्या जिवात जीव आला. त्याने आबांच्या फोनमध्ये ॲप टाकलं, मनगटाला ठोके नि पावलं मोजणारा पट्टा बांधला, सगळं आपल्याही फोनवर दिसेल अशी सोय केली आणि संध्याकाळच्या गाडीने निघून गेला.

आबा माझ्याकडे पडेगावला राहत. पावसाने सलग दुसऱ्या वर्षी दगा दिला होता. दौलताबाद रोडच्या दोन्ही अंगांना इमारती मात्र जोमात उगवत होत्या. दुष्काळात तेवढं एकच पीक आलं होतं. आमचीही त्यातलीच एक. या इमारतींना नळ होते, नळाला पाणी आठवड्यातून एकदा. तेही कधी येईल ते देव जाणे.

घरी आल्यापासून आबा आडवे होत नव्हते. भिंतीला टेकून, गुडघे पोटाशी घेऊन बसत आणि तसेच डुलक्या काढत. अंथरुणाला पाठ टेका म्हटलं की म्हणत, "बसूनच बरं वाटतंय." मग सकाळी फोन वाजायचा: 'आज तुम्हाला कसं वाटतंय?' खाली रडक्यापासून हसऱ्यापर्यंत पाच चेहरे. जागरणाने डोळे तांबारलेले आबा अंगठा उचलून हसऱ्यावर दाबायचे. 'छान! आज तुमचं मन आनंदी आहे,' असं ॲप कळवायचं. लगेच पुण्याहून भावाचाही एक अंगठा यायचा. झाली मनाची काळजी!

आबा असं का करतात ते मला ठाऊक होतं. त्यांची उमर मेंढरांमागे गेली. शेतकऱ्याच्या रानात कळप बसवायचा, लेंडीखत त्याला, धान्य आपल्याला, असा तो व्यवहार. वाटेत परक्याने 'कसं काय?' विचारलं, की अंगात ताप असो नाहीतर कळपात रोग, उत्तर एकच: "समदं बेस हाय." आजाराचं नाव निघालं की कुणी रानात पाऊल ठेवू देत नसे. फोन तर परक्याहून परका. त्याला आबा खरं कशाला सांगतील? पण पाच चेहरे काढणाऱ्या विद्वानांना कळप कधी बसवावा लागला नसणार. मी भावाला सांगून पाहिलं. तो म्हणाला, "ताई, इथं तर सगळं चांगलं दाखवतंय. तू उगाच टेन्शन घेते."

एका दुपारी ॲपच्या मनात आलं की आबांना शांतता हवी. मी स्वयंपाकघरात होते. 'डोळे मिटा, दीर्घ श्वास घ्या,' असं कुणीतरी लाडात आल्यासारखं म्हणालं आणि खळखळ ओढा वाहू लागला. पुढच्या क्षणी आबांची आरोळी आली, "नळ आला! ए माय, नळ आला!"

मी बाहेर येईपर्यंत ते हंडा घेऊन दारात पोहोचले होते. आरोळी जिन्यात घुमली. चारही मजल्यांची दारं उघडली, बादल्या आदळल्या, कुणी टॉवेलवरच मोटारीकडे पळालं. नळांनी नुसती हवा ओकली. मी फोन शोधला, तर तो चादरीत मजेत वाहत होता. आबांच्या छातीचा भाता झालेला, आणि पट्ट्याने काय कळवावं? 'अभिनंदन! आज तुम्ही छान व्यायाम केलात.'

पाण्याच्या आवाजाने माणूस शांत होतो, हे ज्याला सुचलं त्याच्या नळाला चोवीस तास पाणी असणार. माझ्या संतापाला पारावार राहिला नाही.

लोक कुरकुरत परत गेले. आबा रिकामा हंडा मांडीशी घेऊन पायरीवरच बसून राहिले. दम जरा खाली बसला, तेव्हा ते हळूच म्हणाले, "लई भ्या वाटतं, माय."

"कशाचं?"

"पाठ टेकली आन् झोपंतच गेलो तर? पोराची गाठ बी पडायची नाय."

मी म्हटलं, "मग हे त्याला सांगा ना."

"त्यो इचारतो कुठं? फोनच इचारतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला. आबांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि रडक्या चेहऱ्यावर अंगठा दाबला. ॲप म्हणालं, 'वाईट वाटून घेऊ नका. चला, शांत होऊ या.' आणि पुन्हा तोच ओढा सुरू! मी तो बंद केला, नाहीतर फोन खिडकीतून गेला असता.

थोड्या वेळाने भावाचा फोन आला. आबांनाही ऐकू जावं म्हणून मी स्पीकर लावला.

"ताई, आबांच्या हातून रडका चेहरा दाबला गेलाय. चुकून झालं ना?"

आबांनी हात पुढे करून फोन घेतला. "चुकून नाय. म्या दाबला. तू कवा येतो?"

पलीकडून बारीक आवाजात उत्तर आलं, "शनिवारी येतो, आबा."

आबांनी फोन माझ्याकडे दिला. "शनवार मंजी परवाच ना?"

"हो."

मग त्यांनी उशी मागितली.