माळावरचे झेंडे आणि माझं भाषण

हसायचं असेल तर पोटभर हसा, पण शेवटपर्यंत ऐका. यात माझ्या बाजूने बोलण्यासारखं काही सापडलं तर मलाही सांगा, मला अजून सापडलेलं नाही.

गोष्ट आमच्या माळाची. पिंपरी पेंढारला आमचा एक माळ आहे, नुसता मुरूम आणि कुसळी गवत. तिथे गोल्फचं मैदान होणार होतं. हो, गोल्फचं. पुण्याहून माणसं येऊन माळ भाड्याने घेणार होती. तो जमत आलेला सौदा मोडायला बाहेरचा शत्रू लागला नाही. मी घरातच होते.

आबा म्हणजे माझे वडील. नारायणगावचा टोमॅटो टेंपोने पुण्याला पोचवतात. त्यांची कंबर आता त्यांना स्टिअरिंगमागे फार वेळ बसू देत नाही. उतरताना दार धरून थोडा वेळ उभे राहतात आणि कोणी बघितलं तर टायर बघतोय असं दाखवतात. माळ भाड्याने गेला असता तर टेंपो विकून ते घरी राहणार होते, मैदानाची देखरेख करणार होते. एवढंच त्यांना हवं होतं.

हे सगळं मला आज माहीत आहे. त्या दिवशी नव्हतं. का नव्हतं? कारण आबांनी ते मला सांगायचा प्रयत्न केला होता.

आता आबांचं सांगणं कसं असतं ते बघा. मी पुण्यात नोकरी करते. रविवारी त्यांचा फोन येतो.

"आश्वे, आपल्या माळाचं एक चाललंय. तुझ्या पणज्यानं तो माळ घेतला तवा तिथं निस्ता निवडुंग व्हता..."

"आबा, मुद्द्यावर या."

"मुद्द्यावरच येतोय. तर निवडुंग व्हता, आन् त्या निवडुंगात..."

"मला बाहेर जायचंय. ठेवते."

असे कितीतरी रविवार गेले. आबा निवडुंगाच्या पुढे कधी सरकलेच नाहीत. म्हणजे मी सरकू दिलं नाही. आमच्याकडच्या मोठ्या माणसांना थोडक्यात बोलता येत नाही, हे माझं ठाम मत होतं आणि ते मी चारचौघांत सांगतही असे.

तर त्या सुट्टीत मी घरी आले होते. सकाळी उठून बघते तर आईने मासवडीचा घाट घातलेला. बेसन शिजवायचं, फडक्यावर थापायचं, आत तीळ-खोबऱ्याचं सारण भरून गुंडाळायचं, वर तो झणझणीत रस्सा. हे उगाच कोणी करत नाही. मला भरूनच आलं. लेक आली म्हणून माउली राबतेय.

"उठलीस का? बरं झालं," आई म्हणाली. "तुझा बाप मंचरला गेलाय. माळावर पावणं यायचेत, तवा तू जरा..."

"आई, आधी चहा. डोळे तरी उघडू दे."

चहा घेऊन मी गच्चीवर गेले, कारण आमच्या घरात रेंज फक्त गच्चीवर येते. आणि तिथून मला माळावर झेंडे दिसले.

लाल झेंडे. बारीक काठीवर, एक इथे, एक तिथे, एक पार ओढ्याच्या कडेला. मध्ये तीन माणसं. त्यातला एक टोपीवाला डोळ्याला काहीतरी लावून झेंड्याकडे बघतोय आणि अंतर सांगतोय. दुसरी एक बाई जमिनीत गोल भोक पाडतेय. शेजारी लांबुळक्या पिशव्या पडलेल्या.

तुम्ही आमच्या भागातले नसाल तर तुम्हाला यात काही वाटणार नाही. आमच्याकडे कधी रस्त्याची मोजणी येते, कधी रेल्वेची. अनोळखी माणूस दुर्बीण लावून शेतात उभा दिसला की मागोमाग नोटीस येते, अशी गावाची पक्की समजूत आहे आणि ती अगदीच हवेतली नाही. त्यामुळे मोजणी उधळायची आमची पद्धतही ठरलेली: आधी झेंडे उपटायचे, मग ते कशाचे होते ते विचारायचं.

मी चहा तिथेच ठेवला. गावाच्या ग्रुपवर फोटो टाकला आणि खाली लिहिलं, 'आज आमचा माळ, उद्या तुमचं शेत. झोपून राहा.' मग चप्पल अडकवून निघाले. मागून आई काहीतरी ओरडत होती. मी मनात म्हटलं, बाईला मासवडीचीच पडलीय.

वाटेत धोंडूनाना भेटले. नाना आबांचे चुलतभाऊ, त्यांचा मळा माळाला लागूनच.

"आश्वे, कुठं निगालीस रागारागात?"

"मोजणी आलीय नाना. दिसत नाही तुम्हाला?"

"दिसतंय की. सकाळच्यान बघतोय. माणसं बरी वाटली, रामराम घातला मला. तुझा बा काय तरी म्हणत व्हता बग त्यांचं. आदी इचारू तरी..."

"नाना, विचारत बसलात म्हणून गावंच्या गावं गेली."

नाना माझ्यामागून चालायला लागले. तेवढ्यात हौसाकाकू आली. हौसाकाकूची भावकीतली दोन भांडणं तालुक्याला पोचलेली आहेत. तिला फार समजावून सांगावं लागत नाही. तिने पदर खोचला आणि म्हणाली, "कुठंय त्यो दुर्बीणवाला?"

आम्ही माळावर पोचेपर्यंत मागे निम्मं गाव होतं. फोटो कुठल्या कुठे गेला होता. वारूळवाडीची काही पोरं मोटरसायकलींवर आली, त्यांचा तर आमच्या माळाशी संबंधही नाही.

टोपीवाला गृहस्थ हसत पुढे आला. साठी उलटलेला, पायात झिजलेले कॅनव्हासचे बूट.

"नमस्कार. मी कदम. तुम्ही अश्विनी का?"

माझं नाव माहीत आहे म्हटल्यावर मी आणखी तापले. म्हणजे घराची सगळी माहिती काढून आलेत.

"कोणाच्या परवानगीने झेंडे रोवले?"

"मालकांच्या."

"मालकाची मुलगी तुमच्यासमोर उभी आहे आणि तिला काहीही माहीत नाही."

माझ्या आयुष्यात मी बोललेलं हे सगळ्यात खरं वाक्य.

"अहो, गैरसमज होतोय," कदम म्हणाले. "आम्ही गोल्फ खेळणारी माणसं. जागा कशी आहे ते बघायला एक डाव खेळून बघणार होतो."

इथे खरं तर किस्सा संपायला हवा होता. शहाणी मुलगी म्हणाली असती, अच्छा, गोल्फ का, चला चहा घेऊ. पण माझं राज्यशास्त्रात एम.ए. झालंय. मी एका दगडावर चढले.

"ऐकलंत? गोल्फ! पुण्यात यांच्या क्लबच्या दारातून तुम्हाला आत डोकावू देणार नाहीत. बापजाद्यांची मेंबरशिप लागते. आणि आता यांना तुमचं रान पाहिजे. तुमची शेरडं हाकलणार, ओढ्याचं पाणी यांच्या गवताला पाजणार, आणि तुम्हाला कुंपणाबाहेर उभं करणार!"

मी भूसंपादन कायद्याचं एक कलमही फेकलं. ते कशाचं आहे ते मला तेव्हाही माहीत नव्हतं, पण बसलं फक्कड.

"मॅडम, क्लबात आम्हालाही घेत नाहीत," ती भोक पाडणारी बाई म्हणाली. "म्हणून तर..."

तेवढ्यात कदमांनी पिशवीतून गोल्फची काठी काढली. बिचारे दाखवायला काढत होते.

"काठ्या आणल्यात गं," हौसाकाकू गरजली. "माराया आलेत."

मग काय. झेंडे उपटले गेले. भोकांत मुरूम आणि शेण भरलं गेलं, त्यातलं एक भोक मी स्वतः भरलं. काठ्यांच्या पिशवीवर वारूळवाडीची पोरं जाऊन बसली. कदमांनी आबांना फोन लावला आणि माझ्या हातात दिला.

"हॅलो, आश्वे, येतोय का आवाज? अगं मी मंचरच्या चौकात अडकलोय, म्होरं कांद्याचा ट्रक आडवा झालाय, आन् ट्रकवाला काय म्हनतो..."

"आबा, तुम्ही यात पडू नका. तुम्हाला हे लोक गुंडाळतात. मी बघते."

आणि मी फोन ठेवला. ठेवला म्हणजे कापला. सगळ्यांदेखत.

कदमांनी फोन खिशात टाकला. रागावले नाहीत. फक्त म्हणाले, "तुमच्या वडिलांनी सांगितलं होतं, मला यायला उशीर झाला तर घरी माझी मुलगी आहे. शिकलेली आहे, ती तुम्हाला सगळं नीट दाखवील."

तोवर हौसाकाकूने झेंड्यांचा ढीग रचला होता आणि काडेपेटी मागत होती. झेंड्यांची होळी करायची कल्पना कोणाची? माझीच. दगडावरून मीच म्हटलं होतं.

तेवढ्यात आबांचा टेंपो आला. मागे गवत कापायचं यंत्र होतं, जुनं, पण धुऊनपुसून आणलेलं. हॅंडलला झेंडूचा हार घातलेला. आबा उतरले, दार धरून उभे राहिले. या वेळी टायर बघायचं नाटकही केलं नाही. झेंड्यांच्या ढिगाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"आश्वे," ते म्हणाले, "पावणं हायेत गं ते."

आयुष्यात पहिल्यांदा आबा थोडक्यात बोलले.

दुपारी पाहुणे आमच्या घरी मासवडी जेवले. वाढायला मी. आई माझ्या हातात रश्श्याचं पातेलं देताना एवढंच म्हणाली, "सांडू नको." तेव्हा कुठे मला आबांची गोष्ट निवडुंगाच्या पुढे ऐकायला मिळाली, तीही कदमांच्या तोंडून.

कदम शाळेत खेळाचे शिक्षक होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी पुण्याच्या कडेला एका पडीक जागेत गोल्फ सुरू केला होता. मेंबरशिप नाही, दारावर कोणी अडवणार नाही. तासाचं भाडं द्या, काठी तिथलीच घ्या आणि मारा. रिक्षावाले यायचे, नर्सेस यायच्या, कॉलेजची पोरं यायची. एकदा आबांचा टेंपो त्यांच्या दाराशी पंक्चर झाला. पंक्चर निघेपर्यंत कदमांनी आबांच्या हातात काठी दिली.

"पहिलाच फटका असा गेला," कदम म्हणाले, "की आम्ही चेंडू शोधतोय अजून."

"तुमी पण राव," आबा ताटाकडे बघत म्हणाले. "निस्तं कुदळ मारल्यागत मारलं मी."

माझे आबा. गोल्फ. टोमॅटो पोचवून परत येताना ते अधूनमधून तिथे थांबायचे, म्हणे. पुढे त्या जागेवर इमारती आल्या. कदम नवी जागा शोधायला लागले. आबा म्हणाले, आमचा माळ बघा.

"जागा सुंदर आहे," कदम म्हणाले. "पण एक आहे. गावाचा विरोध असेल तिथे मी येणार नाही. पोरंबाळं घेऊन लोक येतात हो, त्यांना भीती वाटायला नको. ग्रामसभेत गावाने हात वर करून हो म्हणावं. मग लगेच करार करू." आणि माझ्याकडे वळून, अगदी मनापासून, "तुम्ही बोलता मात्र छान."

मला पातेल्यात तोंड घालावंसं वाटलं.

आबा मला एक शब्द बोलले नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. संध्याकाळी कंबरेला पट्टा बांधून ते टोमॅटो भरायला निघून गेले, आणि ते गवत कापायचं यंत्र अंगणात हारासकट उभं राहिलं.

दुसऱ्या दिवसापासून मी घरोघर फिरायला लागले. मी केलेलं भाषण परत घ्यायला. सुट्टी वाढवली. तुम्हाला वाटेल, सोपं काम. लोक म्हणतील, चुकली पोरगी, जाऊ दे. तसं झालं असतं तर मी हा किस्सा एव्हाना हसत सांगितला असता.

मी पहिल्यांदा धोंडूनानांकडे गेले. म्हटलं, नाना सोपे आहेत.

"नाना, तो गोल्फ सगळ्यांसाठी आहे. आपल्या गावातल्या पोरांनाही शिकवणार आहेत. शेरडं चरायला ओढ्याकडची बाजू मोकळी ठेवणार आहेत. पाण्याचंही ठरलंय, बोअरचं घेणार आहेत."

नाना शांतपणे तंबाखू मळत राहिले.

"त्या दिशी तर म्हनली, कुंपनाभायेर उभं करत्याल."

"मी माहिती न घेता बोलले, नाना."

"आसं कसं? कलम सांगितलंस की तू."

"ते कलम चुकीचं होतं."

"कलम कदी चुकीचं आसतंय व्हय?" नाना माझ्याकडे दयेने बघायला लागले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "आश्वे, खरं सांग. तुला कुनी दम दिलाय का?"

प्रत्येक घरी हेच. मी जितकी समजावते, तितकी लोकांची खात्री पटते की माझ्यावर दबाव आहे. त्या दिवशी इतकी वाघिणीसारखी बोलणारी पोरगी आज हात जोडतेय, म्हणजे नक्की काहीतरी शिजतंय. एकीने तर माझ्या हातावर साखर ठेवली आणि म्हणाली, "घाबरू नको. आख्खं गाव तुज्या पाठीशी हाय."

आबाही एकदा माझ्याबरोबर आले. त्यांनी निवडुंगापासून सगळं सांगितलं, मी एकदाही मध्ये तोंड घातलं नाही. लोक ऐकून घेतात, चहा देतात आणि आबा उठले की मला बाजूला घेऊन विचारतात, "बापाला पन धमकावलंय का गं त्यांनी?"

परवा ग्रामसभा आहे. कदमांनी फोन करून सांगितलंय, वाट बघतो. अंगणातल्या यंत्रावरचा हार वाळून गेलाय, तो काढायचं कोणाच्या मनात येत नाही. आणि काल हौसाकाकू घरी आली. तोंडावर नुसतं तेज.

"आश्वे, आता तू कायबी काळजी करू नको. सगळं ठरलंय."

"काय ठरलंय, काकू?"

"ग्रामसभेला जायच्या आदी मोर्चा हाय. वारूळवाडीची पोरंबी येनारेत. तुज्यावर कोन दबाव टाकतंय, त्याच्या इरोदात."

मी काकूपुढे हात जोडले. म्हटलं, काकू, माझं ऐका, मला कोणीही धमकावलेलं नाही, मला खरंच मैदान व्हायला हवंय, माझ्या बापाची कंबर गेलीय हो. काकूने माझं सगळं ऐकून घेतलं. मग डोळ्याला पदर लावला, माझ्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाली, "बग, किती भेदरवलंय लेकराला. तू फकस्त म्होरं चाल. भाषन तुजंच ठेवलंय."